पैसे गेले कुणाकडे?

वहीचं पहिलं पान अजून माझ्याकडे आहे. तारीख १ नोव्हेंबर २०२१. वर मोठ्या अक्षरांत ‘ध्येय : रोज २,००० रुपये’. खाली नियम. राग नाही, लोभ नाही, घाई नाही, आणि झालेला तोटा त्याच दिवशी भरून काढायचा नाही. त्याच्याखाली छोटासा हिशोब : महिन्याचे वीस दिवस, म्हणजे ४०,०००. माझा तेव्हाचा पगार २६,००० होता.

मी पुण्यात वारज्याला दोन मित्रांबरोबर राहत होतो. नोकरी अमेरिकन ग्राहकांच्या तक्रारी ऐकण्याची, दुपारी चारला सुरू होणारी. शेअर बाजार सव्वानऊला उघडतो आणि साडेतीनला बंद होतो. ही वेळ देवाने माझ्यासाठीच मोकळी ठेवली आहे असं मला तेव्हा मनापासून वाटायचं. भांडवल २,४०,०००. त्यातले ९०,००० माझे, १,५०,००० आईचे. आई कराडला असते, तिची भिशी लागली होती. ‘क्लाससाठी हवेत’ असं मी तिला सांगितलं होतं.

चौदा महिन्यांनी खात्यात २६,००० उरले.

हा लेख त्या चौदा महिन्यांपेक्षा त्या काळात माझ्या उशाशी असलेल्या तीन पुस्तकांबद्दल आहे. एडविन लफेव्र यांचं ‘रेमिनिसन्सेस ऑफ अ स्टॉक ऑपरेटर’ (१९२३), अलेक्झांडर एल्डर यांचं ‘ट्रेडिंग फॉर अ लिव्हिंग’ (१९९३) आणि मार्क डग्लस यांचं ‘ट्रेडिंग इन द झोन’ (२०००). तुमच्या ओळखीत कुणी ट्रेडिंग करत असेल, तर यातल्या एखाद्या पुस्तकाची पीडीएफ त्याच्या मोबाइलमध्ये असण्याची शक्यता बरीच आहे. तिन्हींचं सार एकच सांगितलं जातं : बाजार जिंकायचा तर आधी मन जिंका. मीही तेच समजून वाचली होती. पुन्हा वाचल्यावर मात्र वाटतं की यातलं एक पुस्तक जवळजवळ उलट सांगतं, आणि आम्ही सगळे ते घाईत वाचत आलोय.

१०० पैकी ६४ दिवस

आधी माझी परीक्षा कशी झाली ते सांगतो, म्हणजे पुस्तकांवर बोलायचा माझा अधिकार किती ते तुम्हाला ठरवता येईल.

मी २३१ दिवस ट्रेडिंग केलं, बहुतेक वेळा बँक निफ्टीचे ऑप्शन विकत घेऊन. त्यातले १४८ दिवस मी नफ्यात होतो. म्हणजे १०० पैकी ६४. शाळेत असतो तर फर्स्ट क्लास मिळाला असता. नफ्याच्या दिवशी सरासरी १,९०० रुपये यायचे, तोट्याच्या दिवशी सरासरी ५,४०० जायचे. बेरीज-वजाबाकी करा : १,६७,००० रुपये उणे. त्यावर ब्रोकरेज, कर आणि बाकीचे आकार मिळून ४७,०००. एकूण २,१४,०००.

हे असं का झालं, तर बरंचसं त्या पहिल्या पानामुळे. एखाद्या सकाळी पावणेदहालाच २,००० मिळायचे. ध्येय पूर्ण, लॅपटॉप बंद, चहा. बाजार त्या दिवशी माझ्याच बाजूने आणखी कितीही पळाला तरी मी बाहेर. पण ज्या दिवशी सुरुवातच उणे व्हायची, त्या दिवशी ध्येय गाठायला मला आधी खड्ड्यातून वर यायचं असायचं. एक गुरुवार आठवतो, एक्स्पायरीचा. १२० रुपयांना कॉल घेतला, चार लॉट, म्हणजे १०० नग, १२,००० रुपये. तो ७० वर आला. नियम सांगत होता की बाहेर पड. मी आणखी १०० घेतले, ७० ने. आता सरासरी किंमत ९५ झाली, जणू काही मी स्वस्तात खरेदी केली. दुपारी पावणेतीनला भाव २० होता. साडेतीनला शून्य. १९,००० रुपये गेले, आणि अर्ध्या तासाने मी हेडफोन लावून ओहायोतल्या एका बाईंना ‘आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहे’ असं सांगत होतो.

असल्या रोजच्या ध्येयाचं दुखणं शेअर बाजाराबाहेरचंच आहे. कॉलिन कॅमेरर, लिंडा बॅबकॉक, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि रिचर्ड थेलर यांनी १९९७ मध्ये न्यूयॉर्कच्या टॅक्सीवाल्यांवर एक निबंध लिहिला होता. तिथले अनेक चालक मनात रोजच्या कमाईचा आकडा धरून चालतात असं त्यांना दिसलं. मग ज्या दिवशी भाडी भरपूर, त्या दिवशी ते लवकर घरी जातात. ज्या दिवशी भाडी नाहीत, त्या दिवशी उशिरापर्यंत फिरतात. खरं तर उलट करायला हवं. पण टॅक्सीवाल्याचं वाईट दिवशी फार तर पेट्रोल आणि झोप जाते. ट्रेडरचं भांडवल जातं.

गंमत म्हणजे हा इशारा लफेव्र यांच्या पुस्तकात १९२३ पासून आहे. बाजाराकडून एखाद्या वस्तूचे पैसे काढू असं ठरवून गेलेला माणूस पैसे घालवूनच येतो, मग ती वस्तू मोटार असो, दागिना असो की मोटरबोट, असं त्यातला निवेदक सांगतो. एका महागड्या फरच्या कोटाचा किस्साही आहे. मी तो वाचून हसलो होतो. माझ्या ध्येयात कोट नव्हता, फक्त आकडा होता, त्यामुळे तो माझ्याबद्दल आहे हे लक्षात आलं नाही.

मन नावाचा आरोपी

प्रत्येक मोठ्या तोट्यानंतर मी डग्लस उघडायचो.

डग्लस यांच्या लेखनात एक जिव्हाळा आहे, तो मान्य केला पाहिजे. शिकागोला येऊन ट्रेडिंग सुरू केल्यावर काही महिन्यांतच त्यांनी स्वतः जवळजवळ सगळं गमावलं होतं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. पुढची बरीच वर्षं ते ट्रेडर्सना मार्गदर्शन करत राहिले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : पुढच्या सौद्यात काय होईल ते कुणालाच माहीत नसतं, आणि माहीत असण्याची गरजही नाही. तुमच्याकडे ‘एज’ असेल, म्हणजे शेकडो सौद्यांमध्ये पारडं थोडंसं तुमच्या बाजूला झुकत असेल, तर एकेका सौद्याचा निकाल मनाला लावून घेऊ नका. भीती आली की तुम्ही दिसतंय ते नाकारता. अतिआत्मविश्वास आला की नसलेलं पाहता. म्हणून मन शांत ठेवा आणि पद्धत पाळा.

हे ऐकायला आपल्याला परकं वाटत नाही. शाळेत मनाचे श्लोक पाठ केलेल्या, षड्रिपूंची यादी तोंडपाठ असलेल्या मुलाला ‘तुझा शत्रू तुझ्या आत आहे’ हे वाक्य लगेच पटतं. आपल्याकडचे मार्केट-गुरू डग्लस सांगता सांगता स्थितप्रज्ञाकडे वळतात ते उगाच नाही. फळाची अपेक्षा सोडा, असं दोन्हीकडे आहेच की!

पण दोन्हीकडे ते सारखं नाही. संत सांगतात तेव्हा लोभच सोडायला सांगतात. ट्रेडिंगचं पुस्तक लोभ ठेवायला सांगतं, फक्त त्याची धडधड सोडायला सांगतं. इथलं फळ रोज साडेतीन वाजता रुपयांत आणि पैशांत मोजून दाखवलं जातं. त्यामुळे मन शांत झालं की नाही हे कळण्याचा एकच मार्ग उरतो : आज नफा झाला का? नफा झाला तर मन स्थिर होतं, तोटा झाला तर मन डळमळलं होतं. या हिशोबात मन कधी निर्दोष सुटूच शकत नाही.

एल्डर तर व्यवसायाने मनोविकारतज्ज्ञ. ते सतत हरणाऱ्या ट्रेडरची तुलना दारूच्या व्यसनात अडकलेल्या माणसाशी करतात. व्यसनमुक्तीच्या बैठकांत जसं आधी कबूल करायचं असतं, तसं ट्रेडरनेही रोज सकाळी कबूल करावं की स्वतःचं मोठं नुकसान करायची ताकद आपल्यात आहे, असा त्यांचा सल्ला आहे. मी महिनाभर तो पाळला. आंघोळीनंतर आरशासमोर उभा राहून मी स्वतःला हरणारा माणूस म्हणवून घेत होतो. एल्डर यांना त्यातून सावधपणा यायला हवा होता. मला नुसती लाज आली. आणि लाज वाटणारा माणूस हिशोब मांडत नाही, तो लपवतो.

त्या वर्षी वहीत मी तोट्यापुढे कारणं लिहिली आहेत : ‘घाई केली’, ‘झोप झाली नव्हती’, ‘भ्यायलो’, ‘हावरटपणा’. ८३ तोट्याच्या दिवसांपुढे ८३ कारणं आहेत आणि सगळी माझ्या स्वभावाची. ‘पद्धतच चुकीची असेल का?’ असं एकदाही लिहिलेलं नाही.

भिशीवालीचा प्रश्न

जानेवारी २०२३ मध्ये मी कराडला गेलो आणि आईला सांगितलं. ती स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. मी बराच वेळ बोललो : माझी चूक झाली, मी नियम पाळले नाहीत, माझा स्वतःवर ताबा राहिला नाही, वगैरे. म्हणजे मी तिला डग्लसच सांगत होतो.

तिने ऐकून घेतलं. ओरडली नाही. मग विचारलं, “पण पैसं गेलं कुणाकडं?”

मी म्हणालो, “बाजारात गेले.”

“बाजार म्हंजे कोण?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आई वीस बायकांची भिशी चालवते. त्यात कुणाचे पैसे या महिन्यात कुणाकडे गेले आणि पुढच्या महिन्यात कुणाकडे जाणार हे तिला तोंडपाठ असतं. पैसे ‘जातात’ म्हणजे कुणाकडे तरी येतात, हे तिला समजावून सांगावं लागत नाही. चौदा महिने मी सौदे केले, तीन पुस्तकं अधोरेखित केली, आणि माझा तोटा हा कुणाचा तरी नफा आहे हे मी एकदाही नीट मनात आणलं नव्हतं. माझ्या डोक्यात लढाई माझी आणि माझ्या मनाची होती. बाजार म्हणजे नुसता आरसा.

हा प्रश्न घेऊन मी तिन्ही पुस्तकं पुन्हा उघडली.

एल्डर यांच्याबाबत मला माझे शब्द मागे घ्यावे लागले. त्यांनी हा प्रश्न सुरुवातीलाच घेतला आहे. ट्रेडिंग हा बेरीज शून्य येण्याचाही खेळ नाही, बेरीज उणे येणारा खेळ आहे असं ते स्पष्ट सांगतात : हरणारे जेवढं गमावतात त्याहून कमी जिंकणाऱ्यांना मिळतं, कारण दलाली आणि भावातली घसर मधल्यामध्ये काढून घेतली जाते. ही पानं मी पहिल्या वेळी चाळून सोडली होती. तिथे पेन्सिलची एकही रेघ नाही. रेघा सगळ्या पुढच्या, मनाच्या प्रकरणांत आहेत. तक्रार करायचीच तर एवढीच, की एवढा मोठा प्रश्न मांडून पुस्तक पुन्हा ट्रेडरच्या स्वभावाकडे वळतं आणि त्या उणे बेरजेतून बाहेर पडणारी किमया शिस्तीत आहे असा भास निर्माण होतो.

डग्लस यांच्याकडे मात्र भोक पायातच आहे. त्यांचा लाडका दाखला कॅसिनोचा. पुढचा पत्ता कुठला हे कॅसिनोलाही माहीत नसतं, तरी तो अस्वस्थ होत नाही, कारण हजारो डावांत पारडं त्याच्याच बाजूने झुकणार असतं. ट्रेडरने तसा विचार करावा. दाखला सुंदर आहे. पण कॅसिनोचं पारडं खेळाच्या नियमांतच झुकवलेलं असतं. कागदावर मोजता येतं. कॅसिनो शांत आहे म्हणून जिंकत नाही, जिंकणार हे ठरलेलं आहे म्हणून शांत आहे. ट्रेडरकडे तसं पारडं आहे हे पुस्तक गृहीत धरतं. ‘एज’ हा शब्द तिथे पानोपानी येतो, पण ती खरंच आहे का हे खर्च धरून तपासायचं कसं, यावर जेवढा जोर हवा तेवढा नाही. जो टेबलाच्या कॅसिनोच्या बाजूला बसलेलाच नाही, त्याला कॅसिनोसारखी शांतता शिकवली जाते.

लॅरी न्यूयॉर्कला जातो

आता लफेव्र. हे पुस्तक ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’मध्ये आधी क्रमशः आलं होतं. निवेदक लॅरी लिव्हिंगस्टन हा जेसी लिव्हरमोर या खऱ्या सटोडियावरून बेतलेला. ट्रेडिंगच्या जगात हे पुस्तक सुभाषितांच्या वहीसारखं वापरलं जातं. एकेक वाक्य कापून रील्सवर फिरतं. मीही तसंच वापरलं. कादंबरी म्हणून वाचलं ते आत्ता.

सुरुवातीला लॅरी चौदा वर्षांचा पोरगा आहे, बॉस्टनमध्ये दलालाच्या फळ्यावर भाव लिहिणारा. तिथून तो ‘बकेट शॉप’मध्ये खेळू लागतो. बकेट शॉप म्हणजे आपल्याकडचा डब्बा : खरा शेअर कुणी घेत नाही, फक्त भावावर पैज लावायची, आणि समोर बसलेला दुकानदार तुमच्या विरुद्ध असतो. इथे आईच्या प्रश्नाचं उत्तर अगदी उघड आहे. पैसे काउंटरपलीकडच्या माणसाकडे जातात. लॅरी मात्र इतका सराईत होतो की पैसे काउंटरपलीकडून त्याच्याकडे येऊ लागतात, आणि दुकानदार त्याला दारातूनच हाकलू लागतात.

मग तो न्यूयॉर्कला जातो. खऱ्या दलालाकडे, खऱ्या बाजारात. पोरगा तोच, डोकं तेच, धीटपणा तोच. आणि तो धुतला जातो.

का? इथे लफेव्र मनाचं कारण देत नाहीत. बकेट शॉपमध्ये फळ्यावर दिसलेल्या भावाला सौदा तिथल्या तिथे व्हायचा. खऱ्या बाजारात पट्टीवर छापून येणारा भाव आधीच शिळा झालेला असायचा, आणि प्रत्यक्ष सौदा वेगळ्याच भावाला व्हायचा. लॅरीची पद्धत एका जागेच्या नियमांवर उभी होती. जागा बदलली, पद्धत कोसळली. भावनांचा यात काही संबंध नाही.

ट्रेडिंगच्या मानसशास्त्राची सगळी शाळा ज्या पुस्तकाला आद्यग्रंथ मानते, त्यातला पहिला मोठा पराभव हा मनाचा पराभवच नाही. तो खेळाच्या रचनेचा आहे. मी म्हणालो की एक पुस्तक जवळजवळ उलट सांगतं, ते हे.

‘जवळजवळ’ म्हणतो, कारण मनाचे पराभवही त्यात आहेत आणि ते खरे आहेत. एका ठिकाणी लॅरी कापसातल्या एका जाणकाराच्या बोलण्याला भुलतो. त्याच्याकडे गहूही असतो. गव्हात नफा दिसतोय, कापसात तोटा. तो गहू विकतो आणि कापूस धरून ठेवतो, वर आणखी घेतो. आपण बरोबर उलट केलं हे त्याला पुढे कळतं. हर्श शेफ्रिन आणि मीर स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये याच प्रवृत्तीवर निबंध लिहिला : नफ्यातलं लवकर विकायचं, तोट्यातलं कवटाळून बसायचं. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवलं होतं की तोट्याचं दुःख तेवढ्याच नफ्याच्या आनंदापेक्षा मोठं असतं. माझा तो गुरुवारचा ७० रुपयांचा दुसरा सौदा याच घराण्यातला. तेव्हा मन बिचारं निष्पाप आहे असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो, की मन हे तोट्याचं एक कारण आहे, आणि आम्हाला ते एकमेव म्हणून विकलं गेलं.

लिव्हरमोर यांचं स्वतःचं पुस्तक, ‘हाऊ टू ट्रेड इन स्टॉक्स’, १९४० मध्ये आलं. नियमांचं पुस्तक. त्याआधी त्यांनी अफाट कमावलं होतं आणि अनेकदा गमावलं होतं. १९३४ मध्ये ते दिवाळखोरीत गेले होते. २८ नोव्हेंबर १९४० रोजी त्यांनी न्यूयॉर्कमधल्या एका हॉटेलात आत्महत्या केली. अशा शेवटाचं एकच कारण सांगणं बरोबर नाही, मी सांगणारही नाही. पण ज्यांच्या नावाने आज शिस्तीचे नियम फिरतात, ते नियम त्यांना स्वतःला माहीत होते, एवढं त्यांची वाक्यं शेअर करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

बाजार म्हणजे कोण

आईच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सप्टेंबर २०२४ मध्ये मिळालं. सेबीने २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांतल्या फ्युचर्स-ऑप्शन्सच्या सौद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. माझे चौदा महिने त्यातच येतात. या काळात एक कोटीहून जास्त व्यक्तींनी हे सौदे केले. त्यातले ९३ टक्के तोट्यात. तोटा सरासरी सुमारे २ लाख रुपये, खर्च धरून. खर्च वजा जाता एक लाखाहून जास्त नफा मिळवणारे फक्त १ टक्का.

माझा आकडा होता २,१४,०००. चौदा महिने मी माझं मन खास बिघडलेलं आहे असं समजत होतो, आणि तोटा तर सरासरीएवढा निघाला!

आणि पैसे गेले कुणाकडे? त्याच अभ्यासात २०२३-२४ या वर्षाचा हिशोब आहे, खर्च धरण्याआधीचा. स्वतःच्या पैशाने सौदे करणाऱ्या कंपन्यांना सुमारे ३३,००० कोटी नफा, परदेशी गुंतवणूकदार संस्थांना सुमारे २८,००० कोटी. समोरच्या बाजूला व्यक्ती आणि इतर, ६१,००० कोटींहून जास्त तोट्यात. त्या संस्थांच्या नफ्यातला ९६-९७ टक्के भाग अल्गोरिदमने केलेल्या सौद्यांतून आला. म्हणजे मी आंघोळ करून, राग-लोभ बाजूला ठेवून बसायचो, तेव्हा समोर संगणक होता. त्याला राग नव्हता, लोभ नव्हता, गुरुवारची झोपही नव्हती. मी मन जिंकायला निघालो होतो आणि समोरच्याला मनच नव्हतं.

‘अनुभवाने जमतं’ असं मित्र म्हणतात. ब्राझीलमध्ये शागे, दे-लोसो आणि जोव्हानेत्ती या अभ्यासकांनी तिथल्या इंडेक्स फ्युचर्समध्ये डे ट्रेडिंग सुरू केलेल्यांचा माग काढला. ३०० हून जास्त दिवस चिकाटीने टिकलेल्यांपैकी ९७ टक्के तोट्यात होते. देशातल्या किमान वेतनाहून जास्त कमावणारे १.१ टक्के.

कागदावरचे दोनशे सौदे

तरीही मला खात्री करायची होती. ९३ टक्क्यांत मी आहे म्हणून उरलेल्या सातात कधीच जाणार नाही असं सिद्ध होत नाही. डग्लस यांच्याच पुस्तकात एक व्यायाम आहे : एकच पद्धत घ्या, वीस सौदे न बदलता करा, निकाल वीस झाल्यावरच पाहा. मी तो दहा वेळा केला, २०० सौदे, फक्त कागदावर. प्रत्येक सौद्याला ब्रोकरेज, कर, बाकीचे आकार मिळून ६५ रुपये खर्च धरला.

पैसे लावलेच नव्हते, त्यामुळे हात थरथरला नाही. नियम एकदाही मोडला नाही. आयुष्यात इतकी शिस्त मी कधी पाळली नव्हती. दोनशे सौद्यांनंतर खर्चाआधी ४,३०० रुपये नफा होता. खर्च १३,०००. उणे ८,७००.

त्या रात्री मला जे वाटलं ते दुःख नव्हतं. पहिल्यांदाच कळलं की मी नालायक नव्हतो, माझ्याकडे फक्त एज नव्हती. हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधं वेगळी आहेत. पहिल्यावर आणखी एक पुस्तक, आणखी एक कोर्स, आणखी थोडं भांडवल. दुसऱ्यावर एकच : थांबणं. मी थांबलो. आईचे पैसे दर महिन्याला ५,००० करून जून २०२५ मध्ये फिटले. तिने शेवटचा हप्ताही इतरांसारखाच मोजून घेतला.

ही तीन पुस्तकं वाचू नका असं मी म्हणणार नाही. एल्डर यांचा एका सौद्यात भांडवलाच्या २ टक्क्यांहून जास्त जोखीम घेऊ नका हा नियम कुठल्याही धंद्यात शहाणपणाचा आहे, आणि सुरुवातीची उणे बेरजेची पानं सोडू नका. डग्लस वाचताना जिथे ‘एज’ येईल तिथे समासात ‘कुठे आहे?’ असं लिहीत जा. ध्येय ठेवायचंच असेल तर रोजच्या कमाईचं ठेवू नका, ते तुमच्या हातात नाही. किती सौदे तपासायचे, जास्तीत जास्त किती घालवायचे आणि कुठल्या तारखेला खर्चासकट हिशोब मांडून ‘जमतंय की नाही’ हे ठरवायचं, एवढं हातात आहे. ती तारीख घरातल्या एखाद्या माणसाला सांगून ठेवा.

आणि लफेव्र तर वाचाच, पण त्यातली वाक्यं कापू नका. कादंबरी म्हणून सलग वाचा. लॅरी न्यूयॉर्कला पोचून पहिल्यांदा धुतला जातो तिथे थोडं थांबा. तुम्ही कुठल्या दुकानात उभे आहात आणि काउंटरपलीकडे कोण आहे, हे तिथेच एकदा पाहून घ्या.